जपानला जाताना



जपानविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, अशी शंका काहींच्या मनात येणे साहजिक आहे. मराठी वाचकाला जपानची ओळख पूर्वी झाली ती बहुधा प्रवासवर्णनांतून. पु. ल. देशपांड्यांचे 'पूर्वरंग' वाचून ज्यांनी घरबसल्या जपान पाहिला, अशी मंडळी या सभेतही असतील. परंतु आता जपान हा केवळ वाचायचा देश राहिलेला नाही. भाईंदर पश्चिमेच्या एखाद्या इमारतीत चौकशी केली तर कुणाचा मुलगा टोकियोत संगणकाच्या कामावर आहे, कुणी प्रवासी कंपनीबरोबर चेरीचा बहर पाहून आले आहे, आणि कुणाची मुलगी जपानी भाषेच्या परीक्षेला बसली आहे, असे ऐकू येते.

यांतला तिसरा प्रकार आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१७ साली भारत व जपान यांच्यात तांत्रिक प्रशिक्षणार्थी पाठविण्याचा करार झाला. २०२१ च्या जानेवारीत कुशल कामगारांसंबंधी दुसरा करार झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही सरकारांनी असे ठरविले की, पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख माणसांची ये-जा व्हावी आणि त्यांत भारतातून जाणारे ५०,००० कुशल व होतकरू लोक असावेत. म्हणजे म्हाताऱ्यांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, खाद्यपदार्थांचे कारखाने अशा कामांवर आपली मुले तिकडे जाणार. तेव्हा हा विषय आमच्याही कक्षेतला झाला आहे.

आमचे आयुष्य येथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतील कामगारांत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. काही वर्षांपूर्वी सहकाऱ्यांसह पदरमोड करून आम्ही दहा दिवस जपानात काढले. तेथेही आमचे लक्ष देवळाच्या कळसाआधी झाडू हातात घेतलेल्या माणसाकडे गेले, ही आमची सवयच आहे. त्या सवयीमुळे एक गोष्ट ध्यानात आली. जपानी रीतिरिवाजांची लांबलचक यादी पाठ करण्याचे कारण नाही. त्यांतल्या बऱ्याच रिवाजांच्या मुळाशी एकच विचार आहे: आपल्यामुळे दुसऱ्याचे काम वाढू नये. एवढे उमगले की निम्मे रिवाज न शिकविता कळतात. मात्र याच्याच जोडीने दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. रिवाज हा रिवाज आहे, नोकरीचा करार नव्हे. पहिला आनंदाने पाळावा. दुसरा वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये. आजचे व्याख्यान या दोन गोष्टींपुरते आहे.

घरून निघण्यापूर्वी

प्रथम कागदपत्रे. आपल्याला जपानचा व्हिसा लागतो आणि तो येथूनच घेऊन जावा लागतो. मुलाकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावे की, पर्यटकाचा अर्ज आणि नातेवाइकाकडे जाणाऱ्याचा अर्ज यांची कागदपत्रे वेगळी असतात. नातेवाइकाकडे जायचे तर जपानात राहणाऱ्या मुलाने निमंत्रणपत्र, हमीपत्र, आपल्या वास्तव्याचा दाखला आणि मुक्कामाचा दिनक्रम ही कागदपत्रे तयार करून पाठवावी लागतात, आणि नाते सिद्ध करणारा कागद आपण जोडावा लागतो. जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि आधारकार्डावर तिसरेच, ही आपल्याकडची नेहमीची रड आहे. कुणाचे आडनाव बदललेले, कुणाच्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. तिकीट काढण्याच्या आधी महिना-दोन महिने हे सारे जुळवून घ्यावे.

विमानतळावर उतरल्यावर भरायची माहिती हल्ली 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी सोयीवर आधीच भरता येते. ती घरी, मुलांच्या मदतीने, शांतपणे भरावी. जपानात फिरताना परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगला पाहिजे, असा तेथला कायदा आहे. 'हॉटेलच्या कपाटात ठेवला आहे' हे उत्तर पोलिसापुढे चालत नाही. दीर्घकाळ राहणाऱ्यांना वास्तव्याचे कार्ड मिळते. त्यांनी ते बाळगावयाचे.

दुसरी गोष्ट औषधांची. आपल्याकडे साठीच्या पुढच्या माणसाची एक पिशवी गोळ्यांचीच असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी साधी औषधे स्वतःच्या वापरापुरती एक महिन्याची नेता येतात. तीन महिने राहायचे असेल आणि तेवढ्याच गोळ्या न्यायच्या असतील तर जपान सरकारची परवानगी आधी काढावी लागते. औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत आणि डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यावे. एक इशारा देणे भाग आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन यांवर तेथे प्रमाणाची कडक बंधने आहेत, आणि काही उत्तेजक औषधे तर चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. शेजारणीने 'असू दे' म्हणून दिलेली बाटली पिशवीत टाकू नये.

तिसरी गोष्ट खाऊची. वसंतात जाणाऱ्या प्रत्येक आईला मुलासाठी हापूस न्यावासा वाटतो. फळमाशीच्या भीतीने जपानने भारतीय आंब्यावर घातलेली जुनी बंदी २००६ साली उठली, हे खरे. परंतु ती ठराविक वाफेची प्रक्रिया आणि तपासणी यांच्या अटीवर उठली. आपल्या सामानातली घरची पेटी त्या अटीत बसत नाही. ताजी फळे, भाज्या, रोपे दाखल्याशिवाय चालत नाहीत. मांसाचे पदार्थही चालत नाहीत, मग ते डबाबंद असोत वा लोणच्यात मुरलेले. चिवडा, लाडू, भाजणी, मेतकूट, कोरडे मसाले न्यावेत, आणि विचारले तर काय आहे ते सरळ सांगावे.

चौथे विजेचे. आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची, तेथे १०० व्होल्टची. आणि तेथल्या प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात. फोनचा चार्जर साध्या जोडणीने चालतो, कारण तो दोन्ही दाबांवर चालेल असाच बनविलेला असतो. घरचा मिक्सर वा इस्त्री मात्र तेथे नीट चालत नाही. ती ओझी नेऊ नयेत.

येथवर चार गोष्टी झाल्या. जपानीत चार या आकड्याचा एक उच्चार आणि मृत्यू या शब्दाचा उच्चार सारखाच आहे. म्हणून भेटवस्तू चारच्या संख्येत देत नाहीत, आणि काही इमारतींत चौथ्या क्रमांकाची खोलीच नसते. आपण १०० ऐवजी १०१ रुपये पाकिटात घालतो, तशीच ही समजूत. तेव्हा आपणही पाचवी गोष्ट सांगून पुढे जाऊ.

ती पाचवी गोष्ट म्हणजे दिवसांची निवड. आपल्या शाळांना सुटी लागते एप्रिलअखेर. जपानात २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात सणाच्या सुट्या एकामागून एक येतात, त्याला तेथे 'गोल्डन वीक' म्हणतात. त्या दिवसांत साऱ्या देशाला प्रवासाचे वेड लागते. गाड्या भरतात, हॉटेले महागतात. चेरीचा बहर टोकियो-क्योतोकडे साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा एवढाच असतो. जूनमध्ये तेथेही पावसाळा सुरू होतो. म्हणून ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी एप्रिलचा मध्य किंवा मेचा दुसरा पंधरवडा निवडावा.

पैशाविषयी थोडे. कार्ड व फोनवरून पैसे देण्याची सोय तेथे वाढली आहे, तरी लहान खाणावळी, देवळे, गावाकडच्या बसगाड्या यांत रोख येन लागतात. कोपऱ्याकोपऱ्यावर रात्रंदिवस उघडी दुकाने असतात, त्यांना 'कोन्बिनी' म्हणतात. त्यांतल्या सेव्हन-इलेव्हनच्या यंत्रातून परदेशी कार्डावर पैसे निघतात. रेल्वेसाठी सुइका किंवा पास्मो नावाचे कार्ड घेतले की प्रत्येक वेळी तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

हातात १०,००० येनची नवी नोट आली तर तिच्यावरचा चेहरा निरखून पाहावा. जुलै २०२४ मध्ये आलेल्या या नोटेवर शिबुसावा एइइची या उद्योगपतीचे चित्र आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा आणि शिबुसावा यांच्या प्रयत्नांतून निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबईची जहाजसेवा सुरू झाली. त्या जहाजांतून आपल्याकडचा कापूस जपानच्या गिरण्यांना गेला, आणि पुढे त्याच गिरण्यांचे कापड मुंबईच्या गिरण्यांशी टक्कर देऊ लागले. ही नोट मोडताना गिरणगावच्या माणसाला एवढे ठाऊक असावे.

रिवाजामागचे श्रम

आता रिवाजांकडे वळू. सुरुवात रेल्वेपासून करू, कारण भाईंदरकराला रेल्वे शिकवावी लागत नाही. विरार गाडीत चढून भाईंदरला उतरण्याची कसरत ज्याने केली, तो टोकियोच्या सकाळच्या गर्दीला भिणार नाही. गर्दी तेथेही छातीला छाती लावणारी असते. फरक आवाजाचा आहे. फलाटावर खुणा काढलेल्या असतात, लोक त्यावर रांगेत उभे राहतात, आतले उतरेपर्यंत बाजूला होतात. डब्यात कुणी फोनवर बोलत नाही. फोनचा आवाज बंद असतो. पाठीवरची पिशवी पोटाशी घेतात. आपल्या घोळक्याने मोठ्याने गप्पा मारल्या तर कुणी टोकणार नाही, परंतु सारा डबा अवघडून जाईल. त्या डब्यात रात्रपाळी करून आलेला माणूस दहा मिनिटे डोळा लावून बसलेला असतो. शांतता ही त्याच्यासाठी आहे.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. पुढच्या माणसाकडे पाहून उभे राहिले की झाले. चालत जाऊ नये, असे आता रेल्वेवालेच सांगतात.

आम्हांला सर्वांत भावली ती एक चिठ्ठी. गाडी उशिरा आली तर रेल्वे कंपनी प्रवाशाला उशिराचा दाखला देते. तो कामावर दाखविला की उशीर कामगाराच्या दोषामुळे झाला नाही हे सिद्ध होते. पश्चिम रेल्वेवर पावसाळ्यात पाणी भरले म्हणून ज्यांचा अर्धा दिवस कापला गेला, अशी शेकडो माणसे आम्ही पाहिली आहेत. वक्तशीरपणा हा तेथे एकट्या कामगारावर लादलेला नियम नाही; रेल्वेही आपल्या वाट्याची जबाबदारी कागदावर लिहून देते. जपानी वेळेचे कौतुक करताना ही दुसरी बाजू सांगितली जात नाही.

शिन्कान्सेन म्हणजे त्यांची वेगवान गाडी, १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो आणि ओसाका यांच्या दरम्यान सुरू झाली. आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद मार्गावर त्याच तंत्राची गाडी आणण्याचे ठरले आणि ठाणे, विरार, बोईसर ही त्यावरची आपल्या भागातली स्थानके. टोकियो स्थानकावर ही गाडी येऊन पुन्हा निघेपर्यंत सफाई कामगारांना सुमारे सात मिनिटे मिळतात. तेवढ्यात ते आसने फिरवितात, टेबले पुसतात, कचरा काढतात आणि रांगेत उभे राहून प्रवाशांना वाकून नमस्कार करतात. परदेशी पाहुणे याची छायाचित्रे काढतात. परंतु सात मिनिटांत डबा स्वच्छ होतो तो प्रवाशांनी आपला कचरा उतरताना स्वतःच बरोबर नेला म्हणून, हे छायाचित्रात येत नाही. या गाडीत मोठे सामान न्यायचे तर, म्हणजे लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेले तर, कित्येक मार्गांवर त्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. आपल्या भल्यामोठ्या बॅगा घेऊन जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

कचऱ्याचेही तसेच. रस्त्यावर कचऱ्याच्या कुंड्या क्वचित दिसतात. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक ठिकाणच्या अनेक कुंड्या काढल्या गेल्या. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. म्हणून खिशात एक रिकामी पिशवी आणि हातरुमाल नेहमी ठेवावा. रुमाल यासाठी की अनेक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसते. घरी राहायला गेलेल्यांनी जळणारा, न जळणारा आणि पुन्हा वापरता येणारा कचरा वेगळा करावा, आणि ज्या वाराला जो ठरला असेल त्याच वाराला तो बाहेर ठेवावा. चुकीची पिशवी गाडीवाला उचलत नाही, ती चिठ्ठी चिकटवून तेथेच ठेवतो, आणि शेजाऱ्यांना कळते की ती कुणाची. आपल्या शहराचा कचरा उत्तनला जातो आणि तेथल्या लोकांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठविला आहे. कचरा दारातून गेला म्हणजे संपला नाही, तो कुणाच्या तरी दारात पडतो, हे भाईंदरकराला जपानी माणसाने सांगण्याची गरज नाही.

खाणावळीत बक्षिसी देत नाहीत. टेबलावर ठेवलेले पैसे विसरले असे समजून वेटर रस्त्यापर्यंत धावत येतो. आपल्याकडचा उदार माणूस यामुळे हिरमुसतो. परंतु कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर पगार मालकाने द्यावयाचा, गिऱ्हाइकाच्या दयेवर सोडावयाचा नाही, हे तत्त्व चांगलेच आहे. पैसे देताना हातात न देता समोरच्या लहान तबकात ठेवतात. ज्या दुकानांत ताटे ठेवायची जागा केलेली असते, तेथे आपले ताट आपण नेऊन ठेवतात.

जेवणाआधी 'इतादाकिमासु' आणि जेवणानंतर 'गोचिसोसामा' म्हणतात. अन्न देणाऱ्या निसर्गाचे, पिकविणाऱ्याचे आणि रांधणाऱ्याचे आभार त्यात येतात. भातात काड्या उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. या दोन्ही कृती तेथे अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. आपल्याकडे श्राद्धाच्या पानाची रीत एरवी टाळतात, तसेच हे. शेवयांचा रस्सा आवाज करून ओढला तर मात्र कुणी हसत नाही.

शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. 'दाशी' नावाचे पाणी, जे बहुधा सुक्या मासळीचे असते, ते सारात, भाजीत, सोयाबीनच्या पनीरवरही असते. 'मी शाकाहारी' एवढे सांगून भागत नाही. मांस, मासे, अंडे आणि दाशी यांपैकी काय चालत नाही ते जपानी लिपीत चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि दाखवावे. बौद्ध मठांत 'शोजिन रिओरी' नावाचे शाकाहारी जेवण मिळते. कोयासान या पर्वतावरील मठांत राहण्याची व अशा जेवणाची सोय आहे. तेथल्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, म्हणून महाराष्ट्रातून जाणारे अनेकजण आवर्जून तेथे जातात.

घरात शिरताना जोडे काढणे आपल्याला नवे नाही. दारातल्या सखल भागाला 'गेन्कान' म्हणतात. तेथे जोडे काढून त्यांची टोके बाहेरच्या दिशेने करून ठेवतात. आत सपाता देतात, परंतु 'तातामी' म्हणजे गवती चटईच्या जमिनीवर सपाताही नको. संडासासाठी वेगळ्या सपाता असतात, त्या तेथेच सोडाव्यात. आणि मोजे फाटके नसावेत.

उन्हाळ्यांना म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांना तेथे 'ओन्सेन' म्हणतात. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाणाऱ्यांना त्याचे अप्रूप वाटेल. बायका व पुरुष यांची कुंडे सहसा वेगळी असतात, अंगावर कपडे ठेवत नाहीत, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी बाहेर स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे लागते, कारण आतले पाणी सर्वांचे असते. येथे आमच्या आगरी-कोळी मायबहिणींसाठी एक सूचना. तेथे पूर्वीपासून अंगावरच्या चित्रांचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी जोडला गेला, म्हणून अनेक स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला मज्जाव असतो. आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावन पाहून तिला कुणी गुंड समजणार नाही. तरी दारात अपमान नको म्हणून आधी फोनवर विचारावे. काही ठिकाणी गोंदण झाकणारी पट्टी लावली की चालते, काही ठिकाणी खाजगी कुंड भाड्याने मिळते.

क्योतोच्या गिओन भागात नृत्यगायन करणाऱ्या स्त्रिया पारंपरिक वेषात रस्त्याने जाताना दिसतात. पर्यटक त्यांच्यामागे धावतात, पदराला हात लावतात. इतका उपद्रव झाला की २०२४ साली तेथल्या खाजगी गल्ल्या बाहेरच्यांना बंद कराव्या लागल्या आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या. त्या बायका कामावर निघालेल्या असतात. आपली पाळी गाठायला निघालेल्या बाईची वाट अडवून कुणी फोटो काढला तर आपल्याला कसे वाटेल, हा विचार पुरे आहे.

बोलण्याचे एक रहस्य सांगून हा भाग संपवू. जपानी माणूस 'हाय' म्हणतो, त्याचा अर्थ 'हो' असा असला तरी पुष्कळदा तो 'ऐकले' एवढाच असतो, 'कबूल' असा नव्हे. आणि 'चोत्तो...' म्हणून तो वाक्य अर्धवट सोडतो तेव्हा ते बहुधा सभ्य नकाराचे लक्षण असते. ज्यांनी मालकांशी वाटाघाटी केल्या आहेत त्यांना हा फरक लवकर कळतो. 'सुमिमासेन' हा एकच शब्द शिकून गेलात तरी माफी, आभार आणि 'जरा ऐकता का' ही तिन्ही कामे भागतात.

रिवाज आणि करार

आतापर्यंत जे सांगितले ते दहा-पंधरा दिवसांच्या पाहुण्याला पुरेसे आहे. परंतु जो मुलगा तीन किंवा पाच वर्षांसाठी निघाला आहे, त्याला यापुढचे ऐकले पाहिजे. दुसऱ्याला त्रास नको हा विचार सुंदर आहे. पण तोच विचार माणसाला न्याय्य तक्रारही गिळायला लावू शकतो. सगळे थांबले आहेत मग मी कसा निघू, असे म्हणत रात्र रात्र कामावर बसणारी माणसे जपानात मेली. अतिश्रमाने येणाऱ्या मरणाला त्या भाषेत 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द आहे. मृतांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा २०१४ साली त्याविरुद्ध कायदा झाला, आणि २०१९ पासून जादा कामाच्या तासांवर महिन्याला ४५ व वर्षाला ३६० अशी सर्वसाधारण मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू झाली. जपानी कामगार मुकाट आहे असेही कुणी समजू नये. १९५५ पासून तेथे दर वसंतात संघटना एकत्र येऊन पगारवाढीच्या वाटाघाटी करतात. त्याला 'शुन्तो' म्हणजे वसंतातला लढा म्हणतात. आपल्या वसंतात व्याख्याने होतात, त्यांच्या वसंतात पगार ठरतात.

जपानचा श्रमविषयक मूलभूत कायदा १९४७ चा आहे. त्यातली पाच-सहा कलमे जाणाऱ्याने पाठ करावीत. कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४०. त्यावरच्या कामाला निदान २५ टक्के जादा मोबदला. सहा महिने नीट हजेरी दिली की पूर्णवेळ कामगाराला १० दिवसांची भरपगारी रजा. राष्ट्रीयत्वावरून पगारात भेद करण्यास बंदी. कामाच्या अटी लेखी देणे बंधनकारक. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'मध्येच सोडून गेलास तर इतका दंड' अशी अट करारात घालण्यास मनाई. किमान वेतन प्रांताप्रांताला वेगळे असते; २०२५ साली जाहीर झालेले दर प्रत्येक प्रांतात ताशी १,००० येनच्या वर आहेत. तांत्रिक प्रशिक्षणार्थीचा पासपोर्ट काढून घेण्यास तेथल्या कायद्याने बंदी आहे. 'इकडे असाच रिवाज आहे' असे सांगून कुणी पासपोर्ट मागितला, तर तो रिवाज नव्हे.

घरच्यांनीही हिशोब समजून घ्यावा. करारातला पगार आणि हाती पडणारा पगार यांत विमा, निवृत्तिवेतनाचा हप्ता, कर आणि बहुधा खोलीचे भाडे एवढे अंतर असते. शिवाय तेथला स्थानिक रहिवासी कर आदल्या वर्षाच्या कमाईवर बसतो, म्हणून दुसऱ्या वर्षी हातातली रक्कम कमी होते. मुलगा उधळा झाला असे समजू नये. परत येताना निवृत्तिवेतनाच्या हप्त्यांपैकी काही रक्कम परत मिळण्यासाठी देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. तेव्हा त्या निवृत्तिवेतनाचे कागद फेकू नयेत.

फसवणुकीचा आरंभ मात्र जपानात होत नाही. तो येथे, आपल्या ओळखीच्या माणसाच्या दुकानात होतो. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने दागिने मोडून एका दलालाला पैसे दिले; पावती नाही, करार नाही, आणि मुलाच्या हाती पडला तो पर्यटकाचा व्हिसा. पर्यटकाच्या व्हिसावर जपानात कमावणे हा गुन्हा आहे. सुदैवाने तो मुलगा निघण्यापूर्वीच कागद आमच्यासमोर आले. परदेशगमनाच्या १९८३ च्या कायद्याखाली भरती करणाऱ्याने सरकारी नोंदणी केलेली असली पाहिजे. ती नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी यादीत कुणालाही पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी कामाची आणि भाषेची परीक्षा असते. 'परीक्षा नको, मी बघतो' असे म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठून यावे. त्या व्हिसाच्या पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षांपर्यंत राहता येते, परंतु बायकामुलांना नेता येत नाही, हेही लग्न ठरविताना दोन्ही घरांनी बोलून घ्यावे.

शेवटी दोन आकडे. पोलीस ११०, आग किंवा रुग्णवाहिका ११९. वाट चुकली, वस्तू हरवली तर 'कोबान' म्हणजे कोपऱ्यावरची पोलीस चौकी शोधावी. भूकंपाचा इशारा फोनवर वाजला तर टेबलाखाली शिरून डोके सांभाळावे, उद्वाहन वापरू नये, आणि समुद्रकाठी असाल तर सामान न घेता उंचावर जावे. ११ मार्च २०११ च्या लाटेने सामानासाठी थांबणाऱ्यांना वेळ दिला नाही.

जपानात आपली माणसे आता केवळ पाहुणी राहिलेली नाहीत. टोकियोच्या एदोगावा भागात, निशिकासाई स्थानकाच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथून योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली स्थानिक सभेवर निवडून आले. शेजाऱ्यांची रीत सांभाळून आपला हक्क मागता येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मिळाली. आज ती आपल्याला रिवाज वाटते. कालचा हक्क आजचा रिवाज होतो, मग तो भाईंदरचा असो वा टोकियोचा.

ज्यांची मुले येत्या वर्षात निघणार आहेत, त्यांनी संध्याकाळी सातनंतर आमच्या संघटनेच्या कार्यालयात यावे. येताना कराराची प्रत, पैशांच्या पावत्या आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे. सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. सही करण्याच्या आधी यावे, एवढीच विनंती.